गाडी विकताना ऑइलचं कोण सांगणार? छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्री व सर्व्हिस विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. कुठल्याच कंपनीचं अधिकृत नाही, सगळ्या मेकच्या गाड्या घेणारं साधं गॅरेज. तुमच्या गाडीची वॉरंटी संपली की ती आमच्यासारख्यांकडे येते आणि भंगारात जाईपर्यंत येत राहते. म्हणजे बारसं तुम्ही करता आणि पुढची सगळी दुखणी आम्ही काढतो. या नात्यानं चार गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच सांगतो, इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. गॅरेजवाला टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रावर, लिहितोय म्हटल्यावर बरेच जण धरून चालतील की आता हा "जुनं ते सोनं" लावणार. तसं काही नाही. मारुतीची फ्राँक्स घ्या. एकाच गाडीत दोन इंजिनं मिळतात. एक १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, बिनटर्बोचं. दुसरं १ लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बोचं. पॉवर बघितली तर एक ९० पीएस आणि दुसरं १००, म्हणजे फार फरक नाही. खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे ओढायच्या जोरात आहे. मोठं इंजिन ११३ न्यूटन मीटर देतं, तेही ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४४०० फेरे घेत असताना. छोटं १४७ च्या वर देतं, आणि ते २००० पासून ४५०० पर्यंत एकसारखं. आता वाईहून पसरणी घाट चढायला घ्या. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. ४४०० आरपीएमला घाटात कोण जातं? गाडी ओरडायला लागली की आपला माणूस पाय काढतो. २००० ला मात्र सगळेच असतात. म्हणून घाटात छोटं इंजिन मोठ्याला मागे टाकतं.

शिवाय वर जावं तशी हवा विरळ होते. दर हजार मीटरला साधं इंजिन आपला साधारण दहा टक्के जोर गमावतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. टर्बो बाहेरची विरळ हवा दाबून आत घालतो, त्यामुळे तिथंही त्याचा दम फारसा कमी होत नाही. बरं, ही हवा दाबायला वेगळी ताकद लागत नाही. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा खेचतं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ साली घेतलं. डोकं चालवून केलेली चीज आहे, मानायलाच पाहिजे.

पण ही चीज घरगुती गाडीत इतक्या झपाट्यानं कशी शिरली, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ती टॅक्समुळे शिरली. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्यात बसलं तर एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ तशीच राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ती आणखी ठळक झाली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. ब्रेझ्झाची लांबी चार मीटरच्या आतच, पण इंजिन १४६२ सीसीचं, टर्बो नाही, म्हणून ती ४० मध्ये. नेक्सॉन ११९९ सीसीची, टर्बो लावून १२० पीएस देणारी, ती १८ मध्ये. आता मला सांगा, कुठल्या कंपनीचा इंजिनिअर मोठं, निवांत इंजिन घालायला वर परवानगी मागेल? सरकारनं सीसी मोजली, टर्बो मोजला नाही, आणि तुम्ही ती फट बरोबर शोधलीत. धंदा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग एवढ्याशा इंजिनावर जो ताण आलाय तो सांभाळायचा कसा, हे ज्याच्या गळ्यात गाडी घातली त्याला सांगणं तुमचं काम होतं. ते झालेलं नाही, आणि या सगळ्या पत्रात माझी तक्रार एवढीच आहे.

टर्बो आमच्या भागाला नवा नाही. बोलेरो, सुमो, ट्रक, यांतल्या बऱ्याच गाड्यांना टर्बो होताच. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. हायवेवरच्या कुठल्याही जुन्या ट्रक ड्रायव्हरला बघा. घाट चढून ढाब्यावर आला की तो इंजिन लगेच बंद करत नाही. खाली उतरतो, टायरला लाथ मारून बघतो, तोंड धुतो, मग किल्ली फिरवतो. त्याला उस्तादानं शिकवलेलं असतं.

मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. मारुतीनं डिझेल बंद केलं, फोक्सवॅगन आणि स्कोडानंही केलं. डिझेलची जागा भरायला छोटे टर्बो पेट्रोल पुढे आले. त्याआधी होतेच, फोर्डची २०१३ ची एक लिटर इकोबूस्ट टर्बो इंजिनवाली इकोस्पोर्ट आठवा. पण तेव्हा ती हौशी लोकांची गोष्ट होती. आता व्हेन्यू, सोनेट, मॅग्नाइट, कायगर, तायगुन, कुशाक, थ्रीएक्सओ असा बाजार भरला. घेणारा कोण? काल-परवापर्यंत वॅगन-आर किंवा सँट्रो चालवणारा शिक्षक, बँकेतला माणूस, हिंजवडीला जाणारी मुलगी. त्यांना कोणी उस्ताद नाही. त्यांचा उस्ताद म्हणजे तुमच्या शोरूममधला टाय लावलेला पोरगा, आणि तो सनरूफ उघडून दाखवतो.

त्यानं काय सांगायला हवं होतं ते आता जरा खोलात जाऊन सांगतो.

पेट्रोल टर्बोच्या चाकावर येणारा वायू नऊशे-साडेनऊशे अंशांपर्यंत तापलेला असतो. डिझेलपेक्षा बराच जास्त. छोट्या टर्बोचा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. या शाफ्टला बहुतेक गाड्यांत गोळ्यांचं बेअरिंग नसतं. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल येतं ते एका बारीक नळीतून, पेन्सिलपेक्षाही बारीक भोकातून. इंजिन बंद केलं की ऑइल पंप थांबतो, पण टर्बो तापलेलाच राहतो, आणि त्याच्या पोटात अडकलेलं ऑइल जळून काळा कोक होतो. एका वेळी काही बिघडत नाही. पण दर शनिवार-रविवारी पसरणी चढून पाचगणीत पोचल्या पोचल्या कणसाच्या गाडीपुढे किल्ली फिरवली, असं चार वर्षं चाललं, की त्या नळीत काय साठतं ते मी काढून बघितलंय. तार घातली तर आतून चहाच्या भुकटीसारखे खडे पडतात.

तुमच्या इंजिनिअरांना हे माहीत आहे म्हणून तर त्यांनी टर्बोला पाण्याचं कूलिंग दिलंय, आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहणारा वेगळा पंप दिलाय. पण गिऱ्हाइकाला तेही माहीत नाही. "गाडी बंद केली तरी आत काहीतरी घुरघुरतंय, पंखा चालू आहे, बॅटरी उतरेल, वायर काढून द्या," असे फोन मला येतात. एकानं तर दुसरीकडून वायर काढूनच आणली होती. चूक त्याची कशी म्हणायची? घाट चढून आलात, हायवेला ताणून आलात, तर शेवटचा किलोमीटर सावकाश घ्या, नाहीतर एखादा मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. रोजच्या भाजी आणायच्या फेरीला याची काहीच गरज नाही. एवढी दोन वाक्यं होती. डिलिव्हरीच्या वेळी गाडीला रिबीन बांधता, पेढे देता, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीबरोबर फोटो काढता. त्या सगळ्यात ही दोन वाक्यं बसली नाहीत?

दुसरी सवय याच्याहून वाईट, आणि ती खास आपल्याकडची. ॲव्हरेज. आपल्या माणसाला लहानपणापासून शिकवलंय की गाडी लवकर टॉप गिअरला टाकली की पेट्रोल वाचतं. त्यामुळे तो पाचव्यात चाळीसच्या स्पीडला खंबाटकी चढायला जातो. गाडी थरथरते, हा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, पण गिअर काही खाली घेत नाही. बिनटर्बोचं इंजिन अशा वेळी फक्त कुरकुरायचं. छोटं टर्बो मात्र १५०० आरपीएमलाच पूर्ण दाबानं हवा भरतं. त्या दाबात कधी ऑइलचा थेंब, कधी कार्बनचा कण आपोआप पेट घेतो, प्लगच्या ठिणगीआधीच. धडका इतका मोठा असतो की पिस्टनची रिंग बसते ती कड तुटू शकते. पहिल्यापासून नियमानं सर्व्हिस केलेल्या गाडीतही हे होऊ शकतं. अशा पिस्टनचा तुकडा माझ्या टेबलावर पडलाय, एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखा. ज्याला गोष्ट पटत नाही त्याच्या हातात देतो.

हे थांबवायला ऑइलवाल्यांनी ऑइलच बदललं. २०२० पासून एपीआय एसपी नावाचा ग्रेड आहे, त्यात याच बिघाडाची चाचणी होते. म्हणजे ऑइलच्या डब्यावर "एसपी" किंवा त्याच्या पुढचा ग्रेड आहे की नाही यावर पिस्टनचं आयुष्य बरंचसं अवलंबून आहे. आता बाजारात जाऊन बघा. स्पेअर पार्टच्या दुकानात "पेट्रोल गाडीचं ऑइल द्या" म्हटलं की जे समोर येतं ते बहुतेक फिटर टाकतात. ५डब्ल्यू-३० हा जाडीचा आकडा लिहिलाय ना, झालं. त्याच्या खालची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. फिटरला दोष देता येतो, मी देतोही, पण ऑइल भरायच्या झाकणावर तुम्ही काय छापलंय? बऱ्याच गाड्यांवर नुसतं तेलाच्या किटलीचं चित्र. फार झालं तर जाडी. पूर्ण ग्रेड झाकणावर छापायला किती खर्च येतो? आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या बिलावर "इंजिन ऑइल, ३.५ लिटर" एवढंच असतं. कुठलं ऑइल टाकलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही, पुढे मलाही कळत नाही.

आता सर्व्हिसच्या अंतराबद्दल, आणि इथं माझा आवाज जरा चढला तर समजून घ्या. तुम्ही सांगता दहा हजार, कोणी पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. पुस्तकात शोधत गेलं की मागच्या बाजूला एक पान सापडतं: कठीण परिस्थितीत वापर होत असेल तर ऑइल लवकर बदला. कठीण परिस्थिती म्हणजे काय? धूळ. सारखं थांबत-चालत जाणारं ट्रॅफिक. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या. डोंगराळ रस्ते. जास्त उष्णता. साहेब, ही कठीण परिस्थिती नव्हे, हा सातारा जिल्हा आहे. पुण्याचं तर विचारूच नका. इथं दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून, आणि त्यांच्या मागे पंधराच्या स्पीडनं सगळी वाहतूक. मुरमाच्या रस्त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये अशी बसते की झटकला तर आंगण भरतं. या मुलखात "साधारण परिस्थिती" कुठं आहे ते मला नकाशावर दाखवा, मी स्वखर्चानं बघून येतो.

तर मग अपवादाचं पान हाच आमचा नियम आहे, आणि तो नियम पहिल्या पानावर छापला पाहिजे. पण तसं केलं तर जाहिरातीत "देखभालीचा खर्च सर्वात कमी" असं लिहिता येणार नाही, हेही मला कळतं. पाच वर्षांच्या खर्चाचा तो तक्ता गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी असतो. सहाव्या वर्षापासून तो तक्ता संपतो आणि माझं गॅरेज सुरू होतं.

थोड्या अंतराच्या फेऱ्यांचं तर वेगळंच आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, म्हणजे व्हेन्यूचं एक लिटर, फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, मारुतीचं बूस्टरजेट वगैरे, इंजिन थंड असताना थोडं पेट्रोल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ला झाला की उडून जातं. पण घरापासून शाळा आणि शाळेपासून घर एवढीच गाडी चालली तर ते तिथंच राहतं. डिपस्टिक काढली तर ऑइल भरलं होतं त्यापेक्षा जास्त दिसतं. गिऱ्हाईक खूश, "बघा, एक थेंब खाल्लं नाही." डिपस्टिक नाकाशी धरा म्हणतो. पेट्रोलचा वास येतो. ते पातळ झालेलं ऑइल दोन लाख फेऱ्यांच्या शाफ्टला तरंगत ठेवणार आहे. आणखी एक, अशा इंजिनात पेट्रोल इनटेक वॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे वॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्या मानेवर कार्बन चढत जातो. नेक्सॉन, मॅग्नाइट यांचं पेट्रोल पोर्टमध्ये, म्हणजे वॉल्व्हच्या आधीच्या वाटेत फवारतं, त्यांना हा त्रास नाही. कुठली गाडी कुठल्या जातीची हे ब्रोशरमध्ये तुम्ही मोठ्या अभिमानानं लिहिता, पण त्याचा अर्थ काय हे कुठंच लिहीत नाही.

गिऱ्हाइकाला न सांगता टर्बो विकला की काय होतं याचा दाखला साठ वर्षांपूर्वीचा आहे. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबिल जेटफायर काढली, पेट्रोल टर्बो असलेल्या पहिल्या दोन विकाऊ मोटारींपैकी एक. आतला धडका टाळायला त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचं. त्याची वेगळी टाकी होती, आणि ती मालकानं भरत राहायची. मालक विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब, कापला जायचा आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रारी यायच्या. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधं कार्ब्युरेटर बसवून दिलं. मशीन वाईट नव्हतं. त्याला रोज काय लागतं हे गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात उतरवलं नव्हतं.

अलीकडचा दाखला युरोपातला. प्यूजो-सिट्रोएनच्या जुन्या प्यूरटेक इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडून फिरतो, पहिल्या इकोबूस्टमध्येही तसाच होता. ऑइल चुकीचं किंवा पेट्रोल मिसळून खराब झालेलं असलं की बेल्टचं रबर सुटतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग ऑइलचा दाब पडतो आणि पुढचं सांगायला नको. त्यांची मालक कंपनी स्टेलँटिस, तिला तिथं हमी दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवून द्यावी लागली. म्हणजे त्या मुलखातल्या गिऱ्हाइकांनी गळा काढल्यावर कंपनी ऐकते. आपल्याकडे गिऱ्हाईक गळा काढतं ते माझ्यापुढे.

ॲव्हरेजवर फार बोलत नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात. आपल्या चाचणीत गाडी लॅबमध्ये रोलरवर चालते, स्पीड नव्वदच्या वर जात नाही, टर्बोला फारसं काम पडत नाही. त्यामुळे फ्राँक्सच्या दोन्ही इंजिनांचे कागदावरचे आकडे जवळजवळ सारखे येतात, २१.७९ आणि २१.५. रस्त्यावर टर्बोला जोर लावला की कॉम्प्युटर आतली उष्णता कमी करायला जादा पेट्रोल सोडतो, आणि तिथं हिशोब बिघडतो. सावकाश चालवणाऱ्याला फरक पडत नाही, ताणणाऱ्याला पडतो. एवढं सेल्समननं सांगितलं तर अर्ध्या तक्रारी कमी होतील. त्यात आता ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की हिशोबानं सहा-सात टक्क्यांचा फटका. आमच्या जिल्ह्यातल्या उसाचंच ते इथेनॉल, त्यामुळे बोलताना इथं जपून बोलावं लागतं! पण टर्बोच्या बाजूनं खरं सांगायचं तर ई२० चा ऑक्टेन ९५ आहे, आणि धडका टाळायला तो टर्बोला मानवतो.

आता दुरुस्तीचं, कारण माझा धंदा तोच. मागच्या पावसाळ्यात कोरेगावकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले. पिकअप नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला. हातात एका अधिकृत सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: टर्बो असेंब्ली बदलणे. कुठल्या कंपनीचं ते सांगणार नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होतं. आकडा बघून गुरुजींचा चेहरा उतरला होता. स्कॅनर लावला तर पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडतोय. कोड एवढंच सांगतो. टर्बो गेलाय असं तो सांगत नाही. इनटेकच्या पाइपमध्ये कॉम्प्रेसरनं थोडी हवा भरली आणि पोराला साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन खाली घातलं. इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, खालच्या होसला, क्लिपच्या अगदी कडेला, फेस उठायला लागला. होस काढला. दाताच्या खुणा स्पष्ट होत्या. शेजारच्या गोठ्यातला उंदीर. टर्बोचं चाक हातानं फिरवून बघितलं, शाफ्टला खेळ नाही, ऑइल गळत नाही. टर्बो ठणठणीत. होस बदलला, दिवा घालवला, गाडी यवतेश्वरच्या घाटात फिरवून दिली.

त्या सेंटरमधला पोरगा लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढे कॉम्प्युटर आहे, कॉम्प्युटरवर कोडपुढे पार्टचं नाव येतं, आणि दिवसाला अमुक गाड्या बाहेर काढायचं टार्गेट आहे. साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली झोपायला त्याला वेळ दिलेला नाही. तो वेळ द्या. आणि ज्याचा टर्बो खरंच गेलाय त्याच्यासाठी आणखी एक: नवा टर्बो बसवताना ऑइलची नळी बदला, खालचं ऑइलचं चेंबर काढून पंपाची जाळी साफ करा, इंटरकूलरमधलं जुनं ऑइल काढा. हे न करता नुसता टर्बो बदलला की सहा महिन्यांत तोही जातो, आणि मग "या गाड्याच भंगार" असं गावभर होतं. त्या बदनामीत तुमच्याबरोबर माझंही नुकसान आहे. लोक टर्बो गाड्या घ्यायचे थांबले तर मी काय फक्त वॅगन-आरचे क्लच बदलत बसू?

पार्टचं रडगाणं शेवटचं. डिझेलच्या टर्बोचं मधलं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि चाकांचा भाग, वेगळं मिळतं, ते बसवणारे चांगले कारागीर आहेत, गिऱ्हाइकाचा खर्च निम्म्याहून खाली येतो. तुमच्या छोट्या पेट्रोल टर्बोंमध्ये बऱ्याच ठिकाणी ॲक्च्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी, मोटर बिघडली तरी पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते. मोटर वेगळी विका. कार्ट्रिज वेगळं विका. ऑइलची नळी आणि तिचे वॉशर एका पाकिटात घालून विका. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायची घोषणा केली तेव्हा इकोबूस्टवाल्यांच्या पोटात गोळा आला होता, तो मी बघितलाय. गाडी चांगली असून विकून टाकणारे होते, केवळ पुढे पार्ट मिळेल का या भीतीनं.

मागण्या मोठ्या नाहीत. ऑइलचा पूर्ण ग्रेड झाकणावर आणि बिलावर. कठीण परिस्थितीचं पान पुस्तकात पुढे. आणि डिलिव्हरीच्या वेळी मराठीत एक पान, इंग्रजी पुस्तकाच्या पोटात दडवलेलं नको, सन व्हायझरच्या मागे चिकटवलेलं: घाटानंतर लगेच बंद करू नका, जड गिअरवर ओढू नका, बंद केल्यावर पंखा फिरला तर घाबरू नका, ऑइल हेच आणि इतक्या किलोमीटरला.

त्या पानाचा मजकूर मी लिहून ठेवलाय. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या टर्बो गाड्यांना तो चिकटवतोही. हवा असेल तर कळवा, टाइप करून पाठवतो. फुकट घ्या, माझं नाव घालू नका. ऑइलच्या ग्रेडची जागा मी रिकामी सोडलीय, ती ज्याच्या त्याच्या इंजिनाप्रमाणे तुम्हीच भरा.

कळावे,
आपला,
एक गॅरेजवाला, सातारा